शिट्टी कुणाच्या हाती

गिरणगावात १९८२ पूर्वी वाढणाऱ्या मुलाला ‘युवा विकासा’साठी कुठे नाव नोंदवावे लागत नसे. चाळीखाली कबड्डीचे मैदान होते, पलीकडच्या गल्लीत तालीम होती, गणपतीचे मंडळ आणि भजनी मंडळ होते, आणि अठरावे लागले की बाप नाहीतर मामा बदली कामगार म्हणून गिरणीत चिकटवून देई. हे सगळे काही आदर्श नव्हते. मुलींना त्यात जागा नव्हती, दलित कामगारांना विणखात्यात बराच काळ मज्जाव होता, आणि तालमीतला प्रत्येक वस्ताद म्हणजे साने गुरुजी नव्हे. पण वाढत्या पोराला नावाने हाक मारणारी, दोन कामे सांगणारी आणि चुकल्यावर कान धरणारी चार मोठी माणसे आजूबाजूला होती. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मजुरी गेली तशी हळूहळू ही माणसेही पांगली, आणि पुढच्या दशकात लालबाग-परळची काही पोरे टोळ्यांच्या हाती लागली.

संपाच्या आणि त्यापुढच्या दशकात मुंबईत मुलांसाठी आणि तरुणांसाठी नव्या संस्था उभ्या राहिल्या. ‘युवा’ १९८४ ची, ‘आकांक्षा’ १९९१ ची, ‘प्रथम’ १९९४ ची, ‘मॅजिक बस’ १९९९ ची. संपाचा आणि यांचा थेट संबंध जोडणे धाडसाचे होईल; प्रत्येकीचे कारण आणि काम वेगळे. तरी शहरातली जुनी घडी विस्कटली आणि तिची कामे पगारी कार्यकर्ते, प्रकल्प आणि देणगीदार यांनी वाटून घेतली, एवढे म्हणायला हरकत नाही. आज कौशल्य प्रशिक्षण, जीवनकौशल्ये, खेळातून विकास, नेतृत्व शिबिरे, फेलोशिप असा मोठा पसारा आहे. त्याचा तरुणांना नेमका काय फायदा होतो, आणि कोणत्या तरुणांना, हे तपासायला आता पुरेशी सामग्री हाताशी आहे.

अशा कामाची परंपरा आपल्याकडे जुनीच. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून मुलांना मल्लखांबावर चढवते आहे. बाळासाहेब खेरांनी १९२८ मध्ये खेरवाडीत सुरू केलेली संस्था पुढे ‘युवा परिवर्तन’ या नावाने शाळा सुटलेल्या मुलांना हातचे काम शिकवू लागली. पण या घराण्यात सर्वांत दूरवर परिणाम केला तो राष्ट्र सेवा दलाने. १९४१ मध्ये एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि शाखा, कवायत, बौद्धिके, शिबिरे यांची घडी बसली. सोबतीला आले कलापथक. निळू फुले, दादा कोंडके, राम नगरकर ही माणसे तिथे घडली. स्मिता पाटीलही सेवा दलाच्याच. यांच्यापैकी कुणालाही अभिनय शिकवण्यासाठी घेतलेले नव्हते. वस्तीत जाऊन कार्यक्रम करायचा आहे, लोक जमवायचे आहेत, ढोलकी आणायची आहे, आणि हे करणारे दुसरे कुणी नाही, अशी ती परिस्थिती होती. शिक्षण त्यातच झाले.

सरकारही या कामात उतरले. एनसीसी १९४८ मध्ये आली. राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस) २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि पहिल्या वर्षी तिच्यात ४०,००० विद्यार्थी होते. नेहरू युवा केंद्रे १९७२ ची. एनएसएसचा साचा अजून तोच आहे: दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर. दरवर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याचा विनोद जवळपास प्रत्येक महाविद्यालयात ऐकू येतो, आणि कित्येक जण गुणांच्या सवलतीसाठीच नाव घालतात. असे असूनही शिबिरातले ते सात दिवस अनेकांच्या लक्षात राहतात. मुंबईत वाढलेल्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा तीसेक जणांचा स्वयंपाक केलेला असतो.

आता पुराव्याकडे. चांगल्या मनाने केलेले काम चांगलेच ठरते हा समज सर्वांत आधी मोडला तो अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या दोन गावांत. १९३९ मध्ये तिथे ५०६ मुलगे निवडून त्यांचे दोन सारखे गट केले. एका गटाला सुमारे पाच वर्षे समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे असे सगळे दिले; दुसऱ्याला काहीच नाही. तीसेक वर्षांनी जोन मॅककॉर्ड यांनी त्या मुलांना शोधून काढले आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मोठी झालेली ही मुले कार्यक्रमाबद्दल आपुलकीने बोलत होती. मात्र दारूचे व्यसन, मानसिक आजार, पुन्हापुन्हा गुन्हे अशा बऱ्याच बाबतींत मदत मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा वाईट निघाला. पुढे याचे एक स्पष्टीकरण असे दिले गेले की शिबिरात वाह्यात मुले एकत्र आली आणि एकमेकांकडून शिकली. ‘मुलांना खूप आवडले’ असा अभिप्राय ज्या अहवालांत मुख्य पुरावा म्हणून दिलेला असतो, ते लिहिणाऱ्यांनी मॅककॉर्ड वाचायला हव्यात.

उलट बाजूची गोष्ट शिकागोची. २०१२ च्या उन्हाळ्यात तिथल्या हिंसाग्रस्त वस्त्यांतल्या काही तरुणांना चिठ्ठ्या टाकून आठ आठवड्यांचे साधे काम दिले गेले. अभ्यासात एकूण १,६३४ जण होते. पुढच्या सोळा महिन्यांत काम मिळालेल्यांच्या गटात हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. मजा अशी की ही घट मुख्यतः काम संपल्यानंतर दिसली. पोरे कामात अडकली म्हणून भांडली नाहीत, हा खुलासा त्यामुळे टिकत नाही. वेळेवर जाणे, वरिष्ठाचे ऐकून घेणे, राग गिळणे यातून काहीतरी अंगी मुरले असावे.

मार्गदर्शक-ताई किंवा मार्गदर्शक-दादा जोडून देण्याच्या कार्यक्रमांबद्दल २००२ चा अमेरिकेतलाच एक अभ्यास आहे. वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या जोड्यांत मुलांना फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांत मुलांचा स्वतःबद्दलचा आदर आधीपेक्षा खाली गेला. आधीच कुणीतरी सोडून गेलेल्या मुलाला आणखी एक माणूस सोडून जातो, याचा हा हिशेब. आपल्याकडे कंपन्यांचे कर्मचारी ‘स्वयंसेवक दिना’ला वस्तीत येतात, रंगीत टोप्या वाटतात आणि फोटो काढून जातात. त्यातून नुकसानच होते असे कुणी मोजलेले नाही, पण मला त्या टोप्यांची धास्ती वाटते.

मुंबईतले पुरावे परदेशाइतके भरघोस नाहीत, पण आहेत. आकांक्षाच्या केंद्रांत वर्षानुवर्षे आलेल्या झोपडपट्टीतल्या मुलांचा अभ्यास प्रमिला कृष्णन आणि सोफिया क्रुतिकोव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःबद्दलचा आदर, ‘हे मला जमेल’ हा भरवसा, पुढच्या आयुष्याकडून असलेल्या अपेक्षा यांत ठळक फरक दिसला. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत आणि सुरुवातीच्या कमाईतही थोडा उमटला. इथे ‘वर्षानुवर्षे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. ही मुले एखाद्या सुट्टीतल्या शिबिराला आलेली नव्हती.

मुलग्यांच्या मर्दानगीच्या कल्पनांवर मुंबईत जितके काम झाले तितके देशातल्या फार थोड्या शहरांत झाले असेल. ब्राझीलमधल्या एका कार्यक्रमावरून बेतलेला ‘यारी दोस्ती’ इथल्या वस्त्यांत २००० नंतरच्या दशकात राबवला गेला. ‘कोरो’ या संस्थेचे कार्यकर्ते त्यात होते. ‘परिवर्तन’ या उपक्रमात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना हाताशी धरले. मुलींबद्दल मैदानावर जे बोलले जाते त्याला प्रशिक्षकानेच अडवायचे, सरावाच्या आधी दहा मिनिटे त्यावर बोलायचे. निष्कर्ष संमिश्र आहेत. मुलांची मते बदललेली दिसली. प्रत्यक्ष कुणी छेड काढत असताना मध्ये पडण्याचे धाडस मात्र तितके वाढले नाही. शिवाय असल्या अभ्यासांत उत्तरे मुलेच देतात, आणि सहा महिने ताईंबरोबर बसलेल्या मुलाला कोणते उत्तर अपेक्षित आहे ते चांगले कळते.

गोवंडीच्या शिवाजी नगरात याच ‘परिवर्तन’चा मुलींसाठीचा अवतार झाला, तो कबड्डीच्या रूपात. एम-पूर्व प्रभागातली ही वस्ती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा प्रभाग सर्वांत तळाशी होता. देवनारचे डम्पिंग ग्राउंड शेजारी. किशोरवयीन मुलींना कबड्डी शिकवायला वस्तीतल्याच थोड्या मोठ्या तरुणी नेमल्या. संशोधकांनी या शिकवणाऱ्या तरुणींवरच एक स्वतंत्र निबंध लिहिला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या साऱ्या साहित्यातली माझ्या मते सर्वांत मोलाची निरीक्षणे त्यात आहेत. प्रश्न होता घराबाहेर पडण्याचा. वस्तीत मुलगी रस्त्यावर दिसली की बोलणारी तोंडे असतात, आणि आईबापांना मुलीपेक्षा त्या तोंडांची भीती जास्त. या तरुणींना मुली गोळा करायला घरोघर जावे लागे, प्रशिक्षणासाठी लांब जावे लागे, खेळाच्या कपड्यांत मैदानापर्यंत चालावे लागे. सुरुवातीला घरी वाद झाले. मग हाती थोडे मानधन आले, काम ‘चांगले’ आहे हे आईला दिसले, संस्थेची माणसे घरी येऊन बोलली. हळूहळू परवानगी मागण्याची भाषा सांगून जाण्याच्या भाषेत बदलली. सगळ्यांची नाही, आणि सगळी बंधनेही सुटली नाहीत. पण शिट्टी जिच्या गळ्यात होती तिच्यात बदल उघड दिसत होता.

एकदा हे लक्षात आले की जुन्या अभ्यासांतही तीच गोष्ट सापडू लागते. ‘प्रथम’चा बालसखी कार्यक्रम जगभरच्या अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो, कारण त्यावरच्या २००७ च्या निबंधाच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना पुढे नोबेल मिळाले. मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या तरुणी रोज दोन तास शिकवत. मानधन महिना ५०० ते ७५० रुपये. मुलांचे गुण चांगले वाढले, पण कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर वाढीचा बराच भाग ओसरला. मोजणाऱ्यांनी मुलांचे गुण मोजले. त्या बालसखीचे पुढे काय झाले, ती शिक्षिका झाली की लग्न होऊन घरी बसली, पालिका शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलायला शिकलेली मुलगी आपल्या लेकीच्या शाळेत कशी बोलते, हा अभ्यासाचा विषय नव्हता. माझा अंदाज असा की ओसरले नाही ते तिथे होते.

‘पुकार’ या संस्थेची युवा फेलोशिप याच जातीची. मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी ही संस्था स्थापली आणि ‘संशोधनाचा हक्क’ ही कल्पना मांडली: संशोधन ही विद्यापीठाची मिरासदारी नसून ज्याला आपल्या शहरात जगायचे आहे त्या प्रत्येकाची गरज आहे. दहाएक तरुणांचा गट वर्षभर आपल्याच वस्तीतला एक प्रश्न घेऊन मुलाखती घेतो, नोंदी करतो, लोकांपुढे मांडतो. यातल्या फारच थोड्यांना पुढे संशोधक व्हायचे असते. पण ज्या तरुणाला आजवर जनगणनेपासून सर्वेक्षणापर्यंत सगळ्यांनी फक्त प्रश्न विचारले, तो पहिल्यांदा प्रश्न विचारायच्या बाजूला बसतो. कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी सुरू केलेल्या ‘ऑस्कर फाउंडेशन’चा फुटबॉलही असाच. शाळेत गेलात तरच खेळायला मिळेल हा नियम, आणि जरा मोठे झाल्यावर धाकट्यांना तुम्हीच शिकवायचे ही रीत. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केले. ‘झुंड’ चित्रपटामुळे ते सर्वांना ठाऊक झाले. ‘मॅजिक बस’ची सुरुवातही मॅथ्यू स्पेसी यांनी रस्त्यावरच्या मुलांबरोबर रग्बी खेळून केली, आणि पुढे वस्तीतल्याच तरुणांना प्रशिक्षक केले.

सरकारी पैसा मात्र बहुतांश दुसरीकडे जातो. १५ ते २९ वयोगटातल्या बेरोजगारीचे प्रमाण देशात १० टक्क्यांच्या आसपास आहे, शहरी तरुणींत त्याहून बरेच जास्त, त्यामुळे तरुण म्हटले की सरकारला रोजगार आठवतो, हे समजण्यासारखे आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आहे. आपल्या राज्यात २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली: बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,०००, पदवीधराला १०,०००, मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. या योजनेतून सरकारी कचेऱ्यांत लागलेले प्रशिक्षणार्थी पुढे कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. कामाची जागा होती, काम खरे होते, आणि मुदत संपल्यावर ते काम कुणीतरी करायचेच होते. केंद्राच्या कौशल्य योजनेत पहिल्या तीन टप्प्यांत प्रशिक्षणानंतर नोकरी लागली का याचा माग ठेवला जाई. चौथ्या टप्प्यात नोकरीची अटच सैल केली. प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते.

दिल्लीतल्या वंचित वस्त्यांतल्या बायकांना सहा महिने शिवणकाम शिकवण्याच्या एका प्रयोगाचे निष्कर्ष बरे निघाले होते. दीड वर्षानंतरही काम आणि कमाई वाढलेली होती. तेव्हा कौशल्य प्रशिक्षण कुचकामीच असे म्हणता येत नाही. ते ज्याच्या भोवती थोडाफार आधार आहे त्याला उपयोगी पडते. मुलांना कुणाकडे सोपवायचे, घरून सोडतील का, गावाला आजी आजारी पडली तर वर्ग बुडवायचा का, यातच गळती होते.

पैशाची दुसरी नळी कंपन्यांची. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. त्यामुळे संस्थांना स्थैर्य आले, आणि एक खोडही लागली. देणगीदाराला वर्षाच्या आत आकडा लागतो: इतके प्रशिक्षित, इतक्यांना नोकरी. मॉलमधली किंवा कॉल सेंटरमधली नोकरी तीन महिन्यांत सुटली तरी तोवर अहवाल गेलेला असतो. पंधराव्या वर्षी आलेल्या मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंत धरून ठेवणे या कोष्टकात बसत नाही. मुळात अठराव्या वर्षी बऱ्याच संस्थांचा हात सुटतो, कारण त्यांची घटना आणि देणगी ‘बालकां’साठी असते. २०१४ चे राष्ट्रीय युवा धोरण १५ ते २९ वयाच्या माणसाला तरुण म्हणते, २००३ चे १३ ते ३५ म्हणत होते. प्रत्यक्षात अठरा ते तेवीस हा सर्वांत निसरडा काळ, आणि त्याच काळात तरुण कुणाच्याच यादीत नसतो. जेमतेम दहावी झालेला, रात्री बारापर्यंत मोटरसायकलवरून डबे पोचवणारा मुलगा संध्याकाळी सहाच्या सत्राला येणार कसा, हा विचार फार थोड्या संस्थांनी केला आहे. रात्रशाळांना बळ देणारी ‘मासूम’ ही त्यातली एक.

जागेचा प्रश्न तर मुंबईत सगळ्याच्या मुळाशी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहतात तिथे तरुणाला बसायला, वाचायला, मैत्रिणीशी बोलायला जागा नाही. म्हणून शहरातला सर्वांत वापरला जाणारा ‘युवा कार्यक्रम’ बहुधा साधी अभ्यासिकाच असेल, जिच्या वर कुणाचा फलकही नसतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी आणि समाजकल्याण केंद्राबरोबर युवा केंद्र किंवा वाचनालय यांची तरतूद आहे. या खोल्यांचे गोदाम, कार्यालय किंवा कुणाचे तरी खासगी दालन झालेले पाहायला फार लांब जावे लागत नाही. मैदानांचे तर विचारूच नका. मुंब्र्यात ‘परचम’ या गटाने मुस्लिम मुलींचा फुटबॉल सुरू केला तेव्हा चेंडू मिळवण्यापेक्षा मैदानावर तासभर हक्काचा मिळवणे अवघड गेले. तो त्यांनी सह्या जमवून, लोकप्रतिनिधींकडे जाऊन मागितला.

इथे एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. मुंबईच्या तरुणाला जागा, ओळख आणि जबाबदारी देणारी सर्वांत यशस्वी यंत्रणा स्वयंसेवी संस्थांची नाहीच. १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखेने ते काम केले: बसायला बाकडे, लिहायला फळा, रक्तदान, रुग्णवाहिका, नोकरीसाठी चिठ्ठी आणि पद. गोविंदा पथके तेच करतात. खालच्या थरातल्या मुलाच्या खांद्यावर खरोखरच इतरांचा जीव असतो. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांची परंपरा, जिचा उगम ज्ञान प्रबोधिनीच्या पथकाकडे जातो, आता मुलींनाही कमरेला ढोल बांधते. या सगळ्यांत तरुण वाढतो, शिस्त शिकतो, मित्र जोडतो. किंमत वेगळी असते. शाखेत प्रश्न विचारणाऱ्याचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि हंडीच्या दिवशी जखमी गोविंदांचे आकडे दरवर्षी छापून येतात. पण पक्ष आणि पथके जे जाणतात ते प्रकल्प-प्रस्ताव लिहिणाऱ्यांना कळायला वेळ लागला: तरुणाला काहीतरी देण्यापेक्षा त्याच्याकडून काहीतरी मागितले की तो टिकतो.

पालिकेला करता येण्याजोगे एक काम यातून दिसते, आणि ते फार महागडे नाही. प्रत्येक मोठ्या वस्तीत, पालिकेच्या शाळेच्या पटांगणावर, त्याच वस्तीतल्या विशीतल्या दोघांना, एक मुलगी आणि एक मुलगा, निदान तीन वर्षांसाठी पगारावर नेमायचे. मानधन नव्हे, पगार. त्यांनी संध्याकाळी पटांगण उघडायचे, चौदा-पंधराच्या मुलामुलींना खेळवायचे, कोण चार दिवस आले नाही ते पाहायचे आणि त्याच्या घरी जाऊन यायचे. यावर हमखास येणारी हरकत म्हणजे या नेमणुका नगरसेवकाच्या पुतण्याला मिळतील. मिळतीलही. शिवाजी नगरातल्या त्या तरुणींची निवड कशी झाली, त्यांना कुणी पाठबळ दिले, आणि घरचे अडले तेव्हा कोण मध्ये पडले, हे सगळे लिहून ठेवलेले आहे; भरतीचे नियम करणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.